'क्लो' म्हणजे काय? : कुंपणातल्या द्राक्षमळ्याची शब्दकथा

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबविषयक 'आमोरिस लेतित्सिया' हे प्रबोधनपत्र प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी 'बाबेट्स फीस्ट' या १९८७ सालच्या डॅनिश चित्रपटाचा उल्लेख केला आहे. परागंदा होऊन डेन्मार्कच्या एका खेड्यात आलेली फ्रेंच स्वयंपाकीण लॉटरीत मिळालेली सर्व रक्कम खर्चून गावकऱ्यांना मेजवानी देते, अशी त्याची कथा आहे. पोप महोदयांच्या उल्लेखानंतर आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. त्या मेजवानीत पेल्यांतून जी तांबडी वाईन ओतली जाते, तिचे नाव 'क्लो द वूजो' असे आहे. यातील 'वूजो' हे गावाचे नाव. मग 'क्लो' म्हणजे काय?

फ्रेंच वाईनच्या बाटल्यांवर हा शब्द वारंवार आढळतो. त्याचा अर्थ एका ओळीत सांगता येतो, परंतु त्यामागे नऊशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाचा मोठा भाग ख्रिस्तसभेच्या मठांमध्ये घडला आहे. म्हणून या शब्दाची ओळख वाचकांना करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

शब्दाचा अर्थ आणि उगम

फ्रेंच लेखनात या शब्दाच्या शेवटी 'स' येतो, परंतु उच्चारात तो गळतो. म्हणून 'क्लोस' न म्हणता 'क्लो' असे म्हणावे. त्याचा मूळ अर्थ 'बंद केलेले' किंवा 'वेढलेले' असा आहे. भिंतीने किंवा जिवंत कुंपणाने वेढलेल्या कोणत्याही जमिनीला फ्रेंच भाषेत 'क्लो' म्हणता येते, मग आत फळबाग असो की कुरण. द्राक्षशेतीच्या परिभाषेत मात्र या शब्दाने तटबंदीतला द्राक्षमळा असा नेमका अर्थ धारण केला.

हा शब्द लॅटिन भाषेतून आला. 'क्लाउदेरे' म्हणजे बंद करणे; त्यापासून 'क्लाउसुम' म्हणजे बंद केलेली जागा. या कुळातले इतर शब्द आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहेत. मठाच्या आतील अंगणाला व एकांतवासाला आपण 'क्लॉयस्टर' म्हणतो. तो शब्द लॅटिन 'क्लाउस्त्रुम'वरून आला. कार्मेल मठातील भगिनी ज्या बंदिस्त जीवनाचे व्रत घेतात, त्याला ख्रिस्तसभेच्या कायद्यात 'क्लाउसुरा' असे नाव आहे. गीतरत्नाच्या चौथ्या अध्यायात वधूला बंदिस्त बागेची उपमा दिली आहे. तिच्या लॅटिन भाषांतरातील 'कॉन्क्लुसुस' हे विशेषणही याच धातूपासून साधले आहे. म्हणजे मठवासी ज्या भिंतीच्या आत प्रार्थना करीत आणि ज्या भिंतीच्या आत द्राक्षवेली वाढवीत, त्या दोन्ही भिंतींची नावे एकाच धातूची अपत्ये आहेत.

मराठी वाचकाला हा अर्थ समजण्यास अडचण पडू नये. आपण 'केळीची वाडी', 'पानवेलीची वाडी' असे म्हणतो. त्या 'वाडी'चे मूळ संस्कृत 'वाट' या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ कुंपण किंवा कुंपणातली जागा असाच आहे. वाडी म्हणजे मोकळे शेत नव्हे. तिला हद्द असते आणि त्या हद्दीच्या आत कोणाची तरी रोजची नजर असते. 'क्लो' या शब्दातही नेमका हाच भाव आहे.

भिंत कशासाठी?

मध्ययुगीन फ्रान्समध्ये बहुतेक द्राक्षमळे उघडेच असत. एकाची पट्टी संपली की दुसऱ्याची सुरू होई. अशा परिस्थितीत भिंत बांधणे हे खर्चाचे काम होते. तरीही ती बांधली जाई, याची कारणे व्यावहारिक होती.

पहिले कारण राखणीचे. मोकाट गुरे, शेळ्या व रानडुकरे एका रात्रीत पीक उद्ध्वस्त करीत. चोरांचे भय वेगळेच. दुसरे कारण दगडांचे. पूर्व फ्रान्समधील बर्गंडीच्या उताराची जमीन चुनखडकाची आहे. वेली लावण्यापूर्वी खणून काढलेले दगड कोठेतरी रचावेच लागत. ते कडेला रचले की भिंत होई. कोकणात शेताच्या कडेला चुन्यावाचून रचलेला दगडी गडगा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सहज उमजेल. तिसरे कारण हवेचे. भिंत वाऱ्याला अडवते, दिवसा तापते आणि जवळच्या वेलींना थोडी ऊब देते.

चौथे कारण कायद्याचे होते. त्या काळी गावच्या द्राक्षतोडणीचा दिवस जमीनदार किंवा ग्रामसभा जाहीर करीत असे. त्या दिवसापूर्वी कोणी घड तोडले तर दंड होई. परंतु भिंतीने बंद केलेल्या मळ्याला या हुकुमातून सूट असे. क्लोचा धनी आपल्या मळ्यातील द्राक्षे केव्हा पिकली हे स्वतः पाहून तोडणीचा दिवस ठरवू शके. पिकाच्या गुणवत्तेवर या स्वातंत्र्याचा केवढा परिणाम होत असेल, हे शेती करणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

मठवासींचे मळे

ख्रिस्तसभेला द्राक्षारसाची गरज प्रथमपासूनच होती. पवित्र मिस्साबलिदानासाठी वापरावयाचा द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षांपासूनचा आणि न बिघडलेला असला पाहिजे, असा नियम आजही ख्रिस्तसभेच्या कायद्यात आहे. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत प्रत्येक मठवासीसाठी रोजचे मोजके माप ठरवून दिले आणि अतिरेकापासून दूर राहण्याचे बजावले. त्याच नियमावलीत आणखी एक सूचना आहे. पाणी, गिरणी, बाग असे जे जे लागेल ते शक्यतो मठाच्या हद्दीतच असावे, म्हणजे मठवासींना बाहेर भटकावे लागणार नाही, असे तीत सांगितले आहे. कुंपणातल्या मळ्याची कल्पना या जीवनपद्धतीशी सहज जुळणारी होती.

बर्गंडीतील सर्वांत जुन्या क्लोंपैकी एक 'क्लो द बेझ' होय. सातव्या शतकात एका ड्यूकने बेझ येथील बेनेडिक्टाईन मठाला जेव्रे गावाजवळची जमीन दान दिली. त्या मठाचे नाव त्या मळ्याला आजतागायत चिकटून राहिले आहे.

यानंतरचा मोठा टप्पा सितो येथील मठाचा. इ. स. १०९८ मध्ये मोलेम मठाचे अधिपती रॉबर्ट काही सोबत्यांसह दिजों शहराच्या दक्षिणेकडील एका दलदलीच्या रानात गेले. संत बेनेडिक्ट यांची नियमावली अधिक काटेकोरपणे पाळावी, गरिबीत राहावे आणि स्वतःच्या हातांनी श्रम करावेत, हा त्यांचा संकल्प होता. सितोच्या लॅटिन नावावरून त्यांच्या संघाला सिस्टर्शियन हे नाव मिळाले. पुढे संत बर्नार्ड याच मठात दाखल झाले.

सितोची दलदल द्राक्षवेलीला मानवणारी नव्हती. म्हणून मठवासींनी पश्चिमेकडील टेकडीच्या उतारावर, वूज नदीच्या उगमाजवळ, बाराव्या शतकाच्या आरंभापासून दानाने व खरेदीने जमीन मिळविण्यास सुरुवात केली. लहान लहान तुकडे जोडत ही जमीन सुमारे ५० हेक्टर, म्हणजे जवळजवळ सव्वाशे एकर झाली. तिच्याभोवतीची भिंत १३३६ सालापर्यंत पूर्ण झाली. हाच 'क्लो द वूजो'. पहिल्या दानापासून भिंतीच्या शेवटच्या दगडापर्यंत दोनशेहून अधिक वर्षे गेली. ज्यांनी पहिला तुकडा नांगरला, त्यांपैकी कोणीही पूर्ण झालेली भिंत पाहिली नाही. आतील इमारतीत मठवासींची प्रचंड लाकडी दाबयंत्रे आजही उभी आहेत.

मठवासी माती चाखून जमिनीची पारख करीत, अशी एक लोककथा सांगितली जाते. तिला इतिहासाचा आधार मानू नये. परंतु त्यांच्या कामातील खरे बळ त्या कथेपेक्षा अधिक विलक्षण आहे. एकच जमीन, एकच संस्था आणि पिढ्यान्‌पिढ्यांची निरीक्षणे यांचा तेथे मेळ बसला. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, कोठे द्राक्षे आधी पिकतात, कोणती पट्टी दुष्काळातही तग धरते, हे ज्ञान एका माणसाच्या मृत्यूबरोबर नाहीसे झाले नाही.

या कार्यात भगिनींचाही वाटा आहे. तार येथील सिस्टर्शियन भगिनींच्या मठाने ११४१ साली मोरे गावाजवळचा एक मळा विकत घेतला. तो 'क्लो द तार' म्हणून प्रसिद्ध झाला. या साडेसात हेक्टरांच्या मळ्याचे आजवर केवळ चार मालक झाले. त्यांपैकी पहिल्या मालक असलेल्या भगिनींनी तो साडेसहाशे वर्षे सांभाळला.

बर्गंडीच्या नकाशावरून नुसती नजर फिरवली तरी हा वारसा दिसतो. क्लो सँ-दनी आणि क्लो सँ-जाक ही संतांची नावे. 'क्लो द्यु शापित्र' म्हणजे कॅथेड्रलच्या धर्मगुरुमंडळाचा मळा. 'क्लो देझ उर्स्युल' हे नाव उर्सुलाईन भगिनींचे.

वैराग्य आणि वैभव

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. गरिबीचा संकल्प करून निघालेला संघ काही पिढ्यांत मोठा जमीनदार झाला. मळ्यातील पुष्कळसे श्रम व्रतबद्ध श्रमिक बंधूंवर आणि पुढे मजुरांवर पडले. वूजोच्या मळ्यात १५५१ साली मठाधिपतींनी जो वाडा उभारला, तो पाहणाऱ्याला दलदलीतील पहिल्या लाकडी झोपड्यांची आठवण होणे कठीण आहे. भिंतीने वेलींचे रक्षण केले, परंतु संपत्तीच्या मोहापासून रक्षण करण्याचे सामर्थ्य कोणत्याही दगडी भिंतीत नसते.

नोव्हेंबर १७८९ मध्ये फ्रेंच राष्ट्रसभेने ख्रिस्तसभेची मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन केली. पुढील वर्षी मठ बरखास्त झाले. १७९१ साली वूजो आणि तार हे दोन्ही मळे लिलावात विकले गेले. सितोचा मठ ओस पडला. १८९८ साली मठवासी तेथे परतले, परंतु वूजोचा मळा त्यांच्याकडे परत आला नाही. नंतरच्या काळात सितोचे नाव तेथील मठात तयार होणाऱ्या चीजसाठी ओळखले जाऊ लागले.

एक भिंत, अनेक धनी

वूजोचा मळा १८८९ सालापर्यंत एकसंध होता. त्या वर्षी तो सहा व्यापाऱ्यांमध्ये विभागून विकला गेला. फ्रेंच वारसा कायद्यानुसार सर्व मुलांना समान वाटा मिळतो. म्हणून पुढे विभागणी वाढतच गेली. आज त्या एका भिंतीच्या आत सुमारे ८० मालक आहेत. कोणाकडे काही हेक्टर, तर कोणाकडे वेलींच्या मोजक्या ओळी.

जमीनही सर्वत्र सारखी नाही. वरच्या बाजूला पातळ थराची, चुनखडीची, पाण्याचा निचरा होणारी माती. खाली हमरस्त्याकडे खोल, चिकण व ओलसर माती. १९३७ साली संपूर्ण मळ्याला 'ग्राँ क्रू' हा सर्वोच्च दर्जा मिळाला, तेव्हा भिंत हीच सीमा मानण्यात आली. त्यामुळे एकच नाव धारण करणाऱ्या बाटल्यांमध्ये मोठा फरक आढळतो. जाणकार खरेदीदार 'क्लो द वूजो' एवढे वाचून थांबत नाही. त्याखाली कोणत्या उत्पादकाचे नाव आहे, हे तो आधी पाहतो.

या मळ्यातील ऐतिहासिक वाडा 'शव्हालिए द्यु तास्तव्हँ' या वाईनप्रेमींच्या मंडळाकडे आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या या मंडळाने १९४४ साली तो मिळवला.

जवळचे शब्द, वेगळे अर्थ

'क्लो' या शब्दाबरोबर आणखी काही शब्द येतात. त्यांची गल्लत होऊ नये म्हणून त्यांचे अर्थ येथे देत आहोत.

क्लिमा : हवामान या अर्थाचा शब्द, परंतु बर्गंडीत त्याचा अर्थ नेमकी सीमा व नाव असलेला मळ्याचा तुकडा. ग्रीक भाषेतील 'उतार' या अर्थाच्या शब्दापासून तो आला. युनेस्कोने २०१५ साली बर्गंडीतील क्लिमांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांची संख्या १,२४७ आहे. क्लिमाला भिंत असतेच असे नाही; क्लोला ती निदान मुळात तरी असते.

क्रू : 'वाढणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला शब्द. विशिष्ट जमिनीत वाढलेले पीक आणि त्यावरून त्या जमिनीचा दर्जा, असा त्याचा अर्थ होतो.

तेरवार : माती, उतार, हवामान आणि तेथील माणसांची शेतीची रीत या सर्वांचा एकत्रित परिणाम. हा शब्द गुणधर्म सांगतो. क्लो हा शब्द जागा सांगतो.

मोनोपोल : संपूर्ण मळा एकाच मालकाकडे असणे. क्लो द तार मोनोपोल आहे. क्लो द वूजो नाही.

शातो : शब्दशः गढी किंवा वाडा. बोर्दो प्रांतात मालकाच्या संपूर्ण वाईन-जहागिरीला हे नाव देतात. तेथे नाव घराण्याच्या वास्तूला चिकटते, तर बर्गंडीत ते मातीला चिकटते.

बर्गंडीबाहेर आणि कायद्यात

क्लो केवळ बर्गंडीतच आहेत असे नाही. लुआर नदीच्या खोऱ्यात 'कुले द सेराँ' हा मळा सिस्टर्शियन मठवासींनी बाराव्या शतकात लावला. शँपेन प्रांतातील 'क्लो द्यु मेनिल' हा दोन हेक्टरांपेक्षाही लहान असून त्याच्या भिंतीवर १६९८ हे साल कोरलेले आहे. खुद्द पॅरिस शहरात मोंमार्त्र टेकडीवर १९३३ साली लावलेला एक छोटा क्लो आहे आणि तो महानगरपालिकेच्या मालकीचा आहे.

प्रतिष्ठा लाभलेल्या शब्दाचा दुरुपयोग होऊ शकतो, म्हणून त्याला कायद्याचेही कुंपण घालण्यात आले आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार फ्रेंच लेबलावर 'क्लो' हा शब्द वापरायचा असेल, तर ती वाईन संरक्षित भौगोलिक नावाखाली नोंदलेली असावी लागते. तिची सर्व द्राक्षे त्या उत्पादकाच्या मळ्यांतील असावी लागतात आणि वाईन बनविण्याचे कामही पूर्णपणे तेथेच व्हावे लागते. २००६ साली अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्यात झालेल्या करारानुसार 'क्लो', 'शातो' आदी शब्द लिहिलेल्या अमेरिकन बाटल्यांना युरोपात तीन वर्षांची मुभा देण्यात आली होती. ती २००९ साली संपली. एका छोट्याशा शब्दावरून दोन खंडांत वाटाघाटी व्हाव्यात, यावरून त्याचे मोल ध्यानात येते.

भिंत काय राखते?

पवित्र शास्त्रात कुंपणातला मळा दोनदा ठळकपणे येतो. यशयाच्या पाचव्या अध्यायातील धनी जमीन खणतो, दगड वेचून काढतो, उत्तम वेली लावतो, बुरूज बांधतो. परंतु मळा आंबट फळे देतो, तेव्हा तो कुंपणच काढून टाकतो. मत्तयच्या एकविसाव्या अध्यायात प्रभू येशू त्याच चित्राला वेगळी कलाटणी देतात. तेथे मळा चांगला आहे, कुंपण शाबूत आहे. दोष आहे तो आतल्या कुळांचा. सांभाळण्यासाठी दिलेली वस्तू ती आपली समजू लागली.

'क्लो' या शब्दाचा इतिहास या दोन्ही उताऱ्यांचे भाष्य ठरावा असा आहे. वूजोच्या भिंतीच्या आत उत्तम वाईनही तयार होते आणि सामान्यही; भिंत दोन्हींना सारखेच नाव देते. क्लो द तार लहान आहे, परंतु तेथे जतन करण्याची साखळी क्वचितच तुटली. कुंपण जागेला नाव देते, हद्द ठरवते, गुरांना बाहेर ठेवते. फळ मात्र आत रोज वाकून काम करणाऱ्याच्या हाती असते.

आपल्या धर्मग्रामांतील जुनी चर्चमंदिरे, शाळा आणि संस्था यांनाही पूर्वजांनी बांधून दिलेल्या भिंती आहेत आणि संतांची नावे आहेत. त्या नावांचा अभिमान आम्हांलाही आहे. परंतु त्या भिंतींच्या आत यंदा काय पिकले, या प्रश्नाचे उत्तर जुने नाव देऊ शकत नाही. ते आपल्यालाच द्यावे लागेल.